टीव्हीवर तेच ते पिक्चर का लागतात?

प्रश्न असा आला आहे: "दर महिन्याला केबलचे पैसे भरतो. मराठी चित्रपटांच्याच चार-पाच वाहिन्या आहेत, हिंदीच्या तर मोजायची सोय नाही. तरी रविवारी टीव्ही लावला की तेच पंधरा-वीस पिक्चर. दर वर्षी शंभरावर मराठी चित्रपट निघतात म्हणे, ते जातात कुठे? वाहिन्यांकडे पैसे नाहीत, की आम्हाला येडं समजतात? आणि तक्रार कुठे करायची?"

मी बरीच वर्षं चित्रपटवाहिन्यांचं वेळापत्रक लावायचं काम केलं, आधी हिंदीसाठी आणि मग मराठीसाठी. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. येडं कोणी समजत नाही. पैशांचा भाग आहे, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. तक्रारीचं शेवटी सांगते, कारण तिथे तुमची थोडी निराशा होणार आहे.

आधी साधा हिशेब. वाहिनी चोवीस तास चालते. पहाटेचे दोन-तीन तास टेलिशॉपिंग, भक्तिगीतं किंवा जुनी गाणी यांत जातात. उरलेल्या एकवीस तासांत तीन-तीन तासांचे सात स्लॉट बसतात. तीनच तास का? नियमाने तासाला १२ मिनिटं जाहिरात, त्यातली दोन वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंसाठी. म्हणजे तीन तासांत ३६ मिनिटं जाहिराती आणि १४४ मिनिटं चित्रपट. दोन तास वीस मिनिटांचा पिक्चर यात अगदी मापात बसतो. जे पिक्चर वारंवार दिसतात त्यांची लांबी एकदा बघा, बरेचसे याच मापाचे निघतील. सव्वातीन तासांच्या जुन्या हिंदी पिक्चरला एक तर कात्री लावावी लागते, नाही तर पुढच्या स्लॉटची वेळ घसरते. वेळापत्रक लावणाऱ्याला दोन्ही नको असतं.

रोज सात, तर वर्षाला अडीच हजारांवर स्लॉट. आता समजा वाहिनीकडे ५०० चित्रपटांचे हक्क आहेत, जे मराठीत चांगलं भांडार म्हणायचं. सगळे सारखे वाटले तरी प्रत्येक पिक्चर वर्षातून पाच वेळा लागणारच. पण सारखे कोणी वाटत नाही. त्या पाचशेंतले साठ चालतात. या साठांना निम्मे स्लॉट दिले, तर प्रत्येक जण वर्षाला एकवीस वेळा येतो, म्हणजे दर सतरा दिवसांनी. उरलेल्या ४४० जणांच्या वाट्याला वर्षातून जेमतेम तीन वेळा, तेही रात्री एक वाजता किंवा पहाटे साडेपाचला. "हा तर कधी लागतच नाही" असं तुम्ही ज्याच्याबद्दल म्हणता, तो बहुतेक वेळा लागून गेलेला असतो आणि तुम्ही झोपलेले असता.

"दूरदर्शनच्या वेळी असं नव्हतं," असं इथे हमखास कोणी तरी म्हणतं. खरं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढची बरीच वर्षं आठवड्याला एक मराठी नि एक हिंदी पिक्चर असा मामला होता. शनिवारी मराठी, रविवारी संध्याकाळी हिंदी. वर्षाचे झाले शंभर-सव्वाशे. आजची एक वाहिनी तेवढे पंधरा दिवसांत संपवते. तेव्हाचा निवडणारा माणूस फार रसिक होता असं नाही, त्याला भूक कमी असलेलं जनावर पोसायचं होतं.

आता हक्कांकडे येऊ. ज्याला आपण 'सॅटेलाइट राइट्स' म्हणतो, ते घेताना बघायच्या गोष्टी ठरलेल्या: किती वर्षांसाठी, किती वेळा दाखवायचं (याला 'रन' म्हणतात), कोणत्या प्रदेशात, आणि फक्त आपल्यालाच की आणखी कोणाला. नव्या, मोठ्या पिक्चरचे हक्क सहसा काही वर्षांसाठी मिळतात. जुने पिक्चर गठ्ठ्याने येतात. एखाद्या वितरकाकडे चाळीस मराठी पिक्चर असतात, त्यातले पाच तुम्हाला हवे असतात, पण तो पाच सुटे देत नाही. मग पदरात पडलं पवित्र झालं म्हणून चाळीस घ्यायचे. कागदावर भांडार वाढतं, पडद्यावर तेच पाच दिसतात.

रन अमर्याद असतील तर पुढचं गणित आणखी सरळ आहे. हक्कांची किंमत हिशेबाच्या वह्यांत काही वर्षांत खर्ची टाकून संपवली जाते. त्यानंतर तो पिक्चर कितीही वेळा दाखवला तरी खर्च शून्य आणि जाहिरातीचे पैसे जसेच्या तसे. दुपारी दोनच्या स्लॉटला एकीकडे असा 'फुकट' झालेला पिक्चर आणि दुसरीकडे पैसे मोजून आणलेला, कोणी नाव न ऐकलेला पिक्चर. तुम्ही माझ्या जागी असता तर काय लावलं असतं? मी तरी पहिलाच लावत आले.

'सूर्यवंशम'चं उदाहरण सगळेच देतात, पण ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ई. व्ही. व्ही. सत्यनारायण यांनी दिग्दर्शित केलेला, अमिताभ बच्चन यांची दुहेरी भूमिका असलेला हा पिक्चर २१ मे १९९९ला आला. चित्रपटगृहांत काही विशेष चालला नाही. त्याच वर्षी 'सेट मॅक्स' ही सोनीची चित्रपटवाहिनी सुरू झाली. नव्या वाहिनीला पिक्चर हवे होते, आणि न चाललेला पण बच्चन असलेला, घरात सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा पिक्चर मिळत होता. वाहिनीने त्याचे हक्क शंभर वर्षांसाठी घेतल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं आणि तेच सगळीकडे फिरत राहिलं. यात एक गंमत आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे करार शंभर वर्षांचा असला तरी २०५९ संपलं की मालकीच संपली, मग कोणीही दाखवावा. माझ्या पिढीतलं कोणी तेव्हा तक्रार करायला नसेल ही गोष्ट वेगळी.

मॅक्सच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. २००८ ते २०१७ ही दहा वर्षं आयपीएल सोनीकडे होतं आणि सामने मॅक्सवर दिसायचे. त्या दिवसांत संध्याकाळ क्रिकेटने खाल्लेली. नवा, महागडा पिक्चर अशा वेळी सकाळी अकराला लावून कोण वाया घालवेल? त्या फटी बुजवायला जुने, भरवशाचे पिक्चर. 'सूर्यवंशम'मधला हिरा ठाकूर अशा किती फटींत बसला असेल त्याची गणती नाही.

यातून जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हा पिक्चर आवडता होता म्हणून वारंवार लागला, असं नाही. तो हाताशी होता म्हणून लागत राहिला आणि लागत राहिल्यामुळे घराघरांत ओळखीचा झाला. अमेरिकेत हेच पूर्वी घडलं आहे. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६चा पिक्चर त्या वेळी तोट्यात गेला होता. १९७४ला त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, आणि तिकडच्या टीव्ही केंद्रांना नाताळात दाखवायला जवळपास फुकटचा पिक्चर मिळाला. सगळ्यांनी तो दर नाताळात इतका लावला, की आज तो नाताळचा लाडका पिक्चर समजला जातो.

मराठीत 'अशी ही बनवाबनवी'ची गोष्ट थोडी निराळी आहे. १९८८चा तो पिक्चर चित्रपटगृहांतच तुफान चालला होता, त्यामुळे टीव्हीने त्याला मोठं केलं असं म्हणता येणार नाही. पण नव्वदच्या दशकानंतर जन्मलेल्या मुलांना त्यातले संवाद तोंडपाठ आहेत, ते केवळ टीव्हीमुळे. आणि वेळापत्रक लावणाऱ्याच्या दृष्टीने तो जवळजवळ आदर्श पिक्चर आहे. कुठूनही बघायला सुरुवात करा, दोन मिनिटांत तुम्ही आत असता. आजी, सून, नातू एकत्र बसले तरी कोणाला मान खाली घालावी लागत नाही. प्रसंग छोटे, त्यामुळे ब्रेक कुठेही घेता येतो. आणि ब्रेकनंतर माणूस परत येतो, कारण पुढे काय येणार आहे ते त्याला माहीत असतं आणि तेच त्याला बघायचं असतं.

हा शेवटचा मुद्दा जरा उलगडून सांगते, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. आपण समजतो की वाहिनी पिक्चर दाखवते. वाहिनी विकते मिनिटं. 'बार्क' ही संस्था देशभरातल्या सुमारे ५५ हजार घरांत मीटर लावून प्रेक्षकसंख्या मोजते. टीव्ही असलेली घरं तिच्याच २०२०च्या अंदाजाप्रमाणे २१ कोटी, म्हणजे साधारण ३,८०० घरांमागे एक मीटर. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. त्यात किती जणांनी पिक्चर पूर्ण पाहिला, याला काही किंमत नसते. दर मिनिटाला सरासरी किती लोक होते, हे बघतात. तीन तास डोळे न हलवता बघणारा एक रसिक आणि अर्धा-अर्धा तास डोकावून गेलेले सहा जण यांचा आकडा सारखाच.

आता सांगा, अर्ध्या तासासाठी डोकावणारा माणूस कोणत्या पिक्चरवर थांबेल? शेतावरून आलेला, जेवायला बसलेला, भाजी निवडत असलेला, रिमोट फिरवत असलेला. नवा, गंभीर, गुंतागुंतीचा पिक्चर मध्येच पकडता येत नाही. कोण कोणाचा भाऊ हे कळेपर्यंत जेवण संपतं. पाठ असलेला पिक्चर मात्र कुठूनही सुरू होतो.

गुरुवारी मिनिटामिनिटाचा आलेख समोर यायचा. पहिल्यांदाच दाखवलेल्या नव्या पिक्चरचा आलेख असा दिसतो: सुरुवातीला जाहिरातबाजीमुळे चढ, पहिल्या ब्रेकला धपकन खाली, ब्रेकनंतर थोडा वर पण आधीइतका नाही, आणि मध्यंतरानंतर घसरगुंडी. जुन्या चालत्या पिक्चरचा आलेख सुरुवातीला बसकाच असतो. मग ठरावीक प्रसंग जवळ आले की वर जायला लागतो. लोक घड्याळ बघून आल्यासारखे त्या प्रसंगाला येतात. पहिल्यांदा मला वाटलं, आकड्यांत गफलत आहे. मग तोच पिक्चर महिन्याने लावला तर त्याच जागी तीच उंची. महाराष्ट्र-गोवा हा बार्कच्या हिशेबात एकच बाजार आहे, आणि इतक्या मोठ्या मुलखातली वेगवेगळी घरं एका प्रसंगासाठी एकाच मिनिटाला येतात हे बघितल्यावर "लोकांना नवीन हवं असतं" यावरचा माझा विश्वास बराच डळमळला.

तरी या आलेखांवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नये. मीटर फक्त टीव्हीसमोर उरलेल्यांना मोजतं. ज्याला तेच ते बघून कंटाळा आला तो मोबाइलवर गेला, यूट्यूबवर गेला, ओटीटीवर गेला. तो आकड्यात 'नाराज' म्हणून दिसत नाही, मुळात दिसतच नाही. मागे राहतात ते पुनरावृत्ती चालवून घेणारे, आणि दर गुरुवारी त्यांची आवड 'प्रेक्षकांची आवड' म्हणून समोर येते. मग त्यांच्यासाठी आणखी तेच लावायचं, आणखी काही जण जाणार, आणि उरलेल्यांचं प्रमाण आणखी पक्कं दिसणार. बैठकीत हे बोलून दाखवलं की सगळे मान डोलवतात आणि पुढच्या आठवड्यासाठी ये रे माझ्या मागल्या.

असं का होतं? माझ्या मते पैशांपेक्षा भीतीमुळे. समजा बुधवारी रात्री नऊला मी एखादा अनोळखी पण चांगला पिक्चर लावला आणि आकडा पडला. पुढच्या आठवड्यात गुरुवारच्या बैठकीत त्याला नाव असतं, तारीख असते, आणि "हा कोणी लावला?" हा प्रश्न असतो. त्या जागी नेहमीचा पिक्चर लावला आणि आकडा नेहमीपेक्षा थोडा कमी आला, तर कोणी विचारत नाही, "आठवडाच थंड होता" म्हणून विषय संपतो. प्रयोगाचं नुकसान एकाच्या नावावर पडतं, पुनरावृत्तीचं कोणाच्याच नाही. अशा ठिकाणी शहाणा माणूस काय करेल ते उघड आहे. आणि मराठी वाहिन्यांचा जाहिरातीचा गल्ला हिंदीच्या मानाने लहान, म्हणून भीतीही जास्त.

ज्यांना वाटतं की शंभरातले निदान तीस तरी विकत घ्यायला काय हरकत आहे, त्यांच्यासाठी आणखी दोन अडचणी.

एक, 'ए' प्रमाणपत्राचे पिक्चर टीव्हीवर जसेच्या तसे दाखवता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५-०६ मधल्या आदेशांनंतर हे फार काटेकोर झालं आणि २०२३च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या दुरुस्तीत तर टीव्हीसाठी वेगळ्या प्रमाणपत्राची तरतूदच आली. म्हणजे निर्मात्याने पुन्हा कापाकापी करून पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे जायचं. लहान निर्माता एवढा खटाटोप करत नाही. गेल्या वीस वर्षांत मराठीत जे धीट, वेगळं काम झालं त्यातलं काही इथेच गळतं.

दुसरी अडचण पडद्यावर येईल अशा प्रतीची. हिच्याबद्दल मी तासभर बोलू शकते. कायदेशीर हक्क आणि प्रत्यक्षात दाखवण्यालायक मास्टर, म्हणजे जिच्यावरून प्रक्षेपण होतं ती मुख्य प्रत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्माता गेला, वारस तीन, तिघांचं पटत नाही, निगेटिव्ह कुठल्या तरी लॅबमध्ये होती आणि लॅब बंद पडली, ही मराठी चित्रपटाची नेहमीची कहाणी. हाती येते ती नव्वदच्या दशकात कधी तरी काढलेली टेप. चौकोनी चित्र, रंग उडालेले, एका रिळाला आवाज बसलेला. आमच्याकडे तपासणी करणारी मुलं ती लावायची आणि शेरा मारायची: अमुक मिनिटाला ओरखडा, तमुक मिनिटाला आवाज गायब. जुन्या टीव्हीवर ती खपून जायची. आज पन्नास इंची पडद्यावर तीच प्रत बघून प्रेक्षक दोन मिनिटांत पळतो. मग नीट मास्टर असलेले पिक्चर पुन्हा पुन्हा लागतात, आणि त्यातून पैसे येतात म्हणून त्यांचेच आणखी चांगले मास्टर बनतात.

'श्यामची आई' घ्या. १९५३चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. साठ वर्षांचा हिशेब लावला तर त्याचा कॉपीराइट २०१३ अखेर संपला. तरी तो दर आठवड्याला सगळ्या वाहिन्यांवर का लागत नाही? कारण ज्याच्याकडे दाखवण्यालायक प्रत, तोच व्यवहारातला मालक. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून जतनाचं काम करत आलं आहे. पण जपून ठेवलेली प्रत आणि प्रक्षेपणासाठी तयार प्रत यांच्यामध्ये साफसफाई, स्कॅनिंग, रंगसंस्कार असा खर्च असतो, आणि हक्क सगळ्यांना मोकळे असल्यामुळे तो खर्च कोणी एकटा करायला तयार नसतो. आपण खर्च करायचा आणि उद्या शेजारच्या वाहिनीने तीच प्रत उचलून लावायची, असं कोणाला परवडेल?

जुन्या करारांचा गोंधळ वेगळाच. साठ-सत्तरच्या दशकातल्या करारांत टीव्हीचा उल्लेखच नाही. कॉपीराइट कायदा म्हणतो की हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. मग एक म्हणतो हक्क माझे, दुसरा म्हणतो तुझी मुदत कधीच संपली. वाहिनीचा कायदा विभाग अशा भानगडीत पडत नाही, "कागद साफ असलेलं काही तरी द्या" म्हणतो. कागद साफ असतात ते पुन्हा त्याच साठांचे.

नव्या पिक्चरांचं काय? २०२२च्या सुमारापासून वाहिन्यांनी हात आखडता घेतला आहे. पिक्चर आधी चित्रपटगृहात, मग ओटीटीवर, आणि टीव्हीवर येईपर्यंत ज्यांना बघायचा होता त्यांचा बघून झालेला. 'वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर'चे पूर्वीसारखे आकडे येत नाहीत. पूर्वी मराठी निर्माता टीव्हीच्या पैशांच्या भरवशावर निम्मं बजेट उभं करायचा, आता तो भरवसा गेला. ज्यांनी त्या भरवशावर पिक्चर काढले, त्यांची आज विचारू नये अशी अवस्था आहे. वाहिनीची स्वतःची निर्मिती असेल तर तिचा पिक्चर मात्र आयुष्यभर घरचाच, त्यामुळे तोही सारखा दिसणार.

प्रीमियर झालेला पिक्चर रविवारी रात्री, सोमवारी सकाळी आणि बुधवारी दुपारी पुन्हा दिसतो, याचा लोकांना जास्त राग येतो. याचं मी समर्थन करते. रविवारी रात्रीचा प्रेक्षक आणि सोमवारी सकाळी अकराचा प्रेक्षक ही वेगळी माणसं आहेत. सकाळी मुलं शाळेत, नवरा कामावर, रिमोट घरच्या बाईच्या हाती, आणि रविवारी रात्री ती स्वयंपाकघरात होती. रात्रपाळीवाला दुपारी बघतो. तुम्हाला तीनदा दिसतो कारण तुम्ही तिन्ही वेळा टीव्ही लावता. असे लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी आहेत.

समर्थन करता येत नाही अशाही गोष्टी आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या दुपारी आणि रात्री अकरानंतर आकडे असेही कमी असतात, तिथे दुसरे पिक्चर फिरवायला काही बिघडत नाही. साठांचा संच सव्वाशेचा केला तर वाहिनी बुडणार नाही, हे मी आकडे बघूनच म्हणते. चालत्या पिक्चरला दोन-तीन महिने विश्रांती दिली की परत लावल्यावर त्याचा आकडा वर येतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण विश्रांती देण्याची वेळ आली की नेमका तिमाहीचा शेवट येतो, आणि "एवढा एकदा लावा" असं वरून सांगितलं जातं. एका घराण्याच्या दोन-दोन वाहिन्या असतात, एक पैसे भरून बघायची आणि एक मोफत डिशवरची, दोन्हींचं भांडार तेच. इकडे विश्रांती दिलेला पिक्चर तिकडे लागलेला असतो. तुम्हाला काय, बटण बदललं तरी तोच चेहरा.

आता तक्रार. केबल टीव्हीच्या नियमांत जून २०२१मध्ये तीन पायऱ्यांची व्यवस्था आली: आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वयंनियमन संस्था, मग केंद्र सरकारची समिती. वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि निकाल १५ दिवसांत. पण ही व्यवस्था कार्यक्रम आणि जाहिरातींच्या आचारसंहितेचा भंग झाला तर आहे. एकच पिक्चर पन्नास वेळा दाखवणं हा कोणत्याही संहितेचा भंग नाही. त्या मुद्द्यावर लिहिलंत तर पोच येईल, पुढे काही नाही. तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती होत असतील तर ते मात्र नियमात बसतं. घड्याळ लावून दोन-तीन दिवसांची नोंद ठेवा, तारीख आणि वेळेसकट लिहा.

तुमच्या हातातलं खरं हत्यार वेगळं आहे. फेब्रुवारी २०१९पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नव्या दररचनेत प्रत्येक वाहिनी सुटी घेता येते आणि सुटी काढूनही टाकता येते. बहुतेकांच्या सेट-टॉप बॉक्सवर केबलवाल्याने बसवून दिलेलं पॅकेज तसंच चालू असतं, आणि त्यातल्या तीन चित्रपटवाहिन्या कधीच बघितल्या जात नाहीत. केबलवाल्याकडे किंवा डीटीएचच्या ॲपवर जाऊन त्या काढा. वाहिनीला वर्गणीचे पैसे जोडण्यांच्या संख्येवर मिळतात, आणि त्या आकड्याकडे मालक स्वतः बघतात. मात्र आधी हिशेब करून घ्या, कारण कधी कधी सुट्या वाहिन्यांची बेरीज पॅकेजपेक्षा महाग पडते.

आणि वाहिनीला लिहायचंच असेल तर "तेच ते दाखवता" असं लिहू नका. अशी पत्रं रोज येतात आणि कोणी वाचत नाही. पिक्चरचं नाव, साल, मुख्य कलाकार आणि तुम्हाला तो कोणत्या दिवशी, किती वाजता बघायला आवडेल, एवढंच लिहा. एकाच पिक्चरसाठी वेगवेगळ्या गावांतून पाच-सहा पत्रं आली की आमच्याकडे कोणी तरी भांडारात शोधायचंच. हक्क असतील आणि मास्टर बरा असेल तर दुपारचा एखादा स्लॉट निघायचा. तो लागला की त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर बसवा. तुमच्या घरात मीटर असण्याची शक्यता फारच कमी आहे, पण गावात ते कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा शेजाऱ्यांनाही सांगा.